रियासत : राजपुत्रांसाठी काढलेली टाचणं

मागच्या जूनमध्ये इथल्या एका मराठी शाळेतल्या बाईंनी विचारलं, आठवीला बडोद्याच्या इतिहासाच्या आठ तासिका घ्यायच्या आहेत, घटक पाडून द्याल का? काम माझ्याकडे आलं. मी नोकरीभर पाण्याच्या पाइपलाइनी टाकल्या, पाठटाचण कधी लिहिलं नाही. तेव्हा म्हटलं, आपल्या गावात हे काम आधी कोणी केलंय ते बघू. उत्तर कपाटातच होतं. गो. स. सरदेसाईंची 'मराठी रियासत'.

रियासत आपण संदर्भापुरती चाळतो, पण ती मुळात वर्गातली आहे. सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीरावांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवायचं आणि राजपुत्रांना शिकवायचं, हे त्यांचं काम. शिकवण्यासाठी काढलेली टिपणं वाढत गेली. १८९८ मध्ये 'मुसलमानी रियासत' आली, १९०२ मध्ये 'मराठी रियासती'चा पहिला भाग. पुढे नवे कागद उजेडात आले तसं त्यांनी आपलंच लिखाण पुन्हा लिहिलं. दरवर्षी तेच पिवळं टाचण काढणाऱ्या मास्तरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं!

वर्गाची शिस्त पानापानांत दिसते. तारीख आधी, कारण मग, माणसं ओळीनं. पण विद्यार्थी कोण, तर राजपुत्र. त्याला वारसा, तह, मोहीम कळली पाहिजे. डभोईची १८३१ नव्हे, १७३१ ची लढाई घ्या (हा घोटाळा माझ्या कच्च्या मसुद्यात खरोखर झाला होता). बाजीरावानं त्रिंबकराव दाभाड्यांचा पाडाव केला, त्रिंबकराव पडले. लहान यशवंतराव सेनापती झाले आणि पिलाजी गायकवाड त्यांचे मुतालिक. गायकवाडांचं बस्तान गुजरातेत कसं बसलं, हे समजायला याहून चांगला धडा नाही. मात्र त्या दिवसांत डभोईतल्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न राजपुत्राच्या धड्यात येत नाही.

सरदेसायांना दोष देणं सोपं आहे. त्यांच्यापुढे कागद होते ते दरबाराचे, दप्तराचे. तरी एक गोष्ट खटकतेच. ज्या संस्थानात ते शिकवत होते, तिथं १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. शेतकऱ्यांची पोरं बाकावर येऊन बसली. खुद्द महाराज कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले! रियासतीचा वाचक मात्र राजवाड्यातलाच राहिला.

आणि मी काय केलं? तोच क्रम उचलला. पिलाजी, दमाजी, तह, गादीचे तंटे. आठांतल्या सहा तासिका गायकवाडांच्या. बाईंनी कागद परत केला. म्हणाल्या, "काका, नावं पाठ होतील, पण गाव कळायचं नाही." माझ्या वर्गातली निम्मी मुलं मधल्या सुट्टीत गुजरातीत भांडतात, तीही यात कुठेतरी दिसू देत, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या मसुद्यात पहिली तासिका आजवा तलावाची आहे. सयाजीरावांच्या काळात शहराला नळाचं पाणी तिथून आलं. त्याआधी विहिरीवर कोण, कोणत्या वेळेला भरायचं, हे मुलांनी घरी आजीला विचारून यायचं. दमाजी चौथ्या तासिकेला गेले. डभोईची लढाई मी सोडली नाही. तो धडा रियासतीवरूनच बेतलाय, फक्त तो घ्यायचाय डभोईच्या हिरा भागोळीखाली उभं राहून. सहलीच्या परवानगीचा कागद अजून मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे.