कपूर, शम्मी

(२१ ऑक्टोबर १९३१–१४ ऑगस्ट २०११). ख्यातनाम हिंदी चित्रपट-अभिनेते. मूळ नाव शमशेर राज. जन्म मुंबई येथे. पृथ्वीराज कपूर यांचे पुत्र व राज कपूर यांचे धाकटे बंधू. पृथ्वी थिएटर्समध्ये उमेदवारी केल्यावर जीवन ज्योती (१९५३) या चित्रपटाद्वारे त्यांनी पडद्यावर पदार्पण केले.

आरंभीच्या चित्रपटांत बारीक मिशी, चापून बसविलेले केस व बेताचे हावभाव अशी त्यांची प्रतिमा होती. थोरल्या बंधूंशी होणारी तुलना तिला मारक ठरली. मालाडच्या बाँबे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोक कुमार प्रभृतींनी १९४३ मध्ये गोरेगाव येथे फिल्मिस्तान ही चित्रसंस्था स्थापन केली होती. तिच्या तुमसा नहीं देखा (१९५७, दिग्दर्शक नासिर हुसेन) या चित्रपटाने ही प्रतिमा पालटली. मिशी गेली, केस कपाळावर आले आणि अभिनयाचे केंद्र चेहऱ्यावरून सबंध शरीरावर सरकले.

मान झटकणे, खांदे पुढे टाकणे, अकस्मात जमिनीवर लोळण घेणे ही या शैलीची बाह्य लक्षणे होत. एल्व्हिस प्रेस्लीचे अनुकरण म्हणून तिची बोळवण केली जाते. परंतु ते अपुरे आहे. अलबेला (१९५१) मधील मा. भगवान यांचे नृत्य तालात पावले टाकणारे व पुनरावृत्तीवर उभे आहे. कपूर यांची हालचाल मात्र बसविलेल्या पदन्यासाची नसून बव्हंशी उत्स्फूर्त आहे. महंमद रफींच्या स्वरातील प्रत्येक हेलकावा ते अंगाने टिपतात. त्यामुळे पार्श्वगायन उसने न वाटता देहातूनच उमटल्याचा भास होतो.

या शैलीचे मर्म ताठरपणा आणि मोकळीक यांच्या विरोधात आहे. रंगीत जंगली (१९६१) चा नायक आधी कधीही न हसणारा, काटेकोर पोशाखातला उद्योगपती आहे; काश्मीरच्या बर्फात तो गडगडत जातो, तेव्हा त्या घसरणीला अर्थ येतो. काश्मीर की कली (१९६४) मधील दल सरोवरावरच्या गीतात हेलकावणारी नाव हाच त्यांचा रंगमंच होतो. तीसरी मंझिल (१९६६) मध्ये विजय आनंद यांनी हीच ऊर्जा रहस्यकथेच्या चौकटीत शिस्तीने बसविली. याउलट ॲन ईव्हनिंग इन पॅरिस (१९६७) मध्ये नायक हेलिकॉप्टरला लोंबकळतो. तेथे साहस उरते, आंतरिक कारण उरत नाही.

या शैलीची मर्यादाही स्पष्ट आहे. नायिकेचा नकार हा खेळाचाच भाग मानून तिचा पिच्छा पुरविणे अनेक गीतांत गृहीत धरले आहे. नायकाची मोकळीक तिच्या संकोचाच्या मोलाने येते. शिवाय देहावर उभारलेली शैली देहाबरोबरच थकते. ब्रह्मचारी (१९६८) साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. अंदाज (१९७१) नंतर स्थूलपणा वाढून ते चरित्र-भूमिकांकडे वळले. विधाता (१९८२) सारख्या चित्रपटांतील त्यांचा संयत अभिनय पाहता, पूर्वीचा उच्छृंखलपणा हा असमर्थतेतून आलेला नव्हता, तर निवडलेला होता, हे ध्यानात येते. व्यथित, सोशिक नायकाच्या काळात त्यांनी आनंदाला शारीर रूप दिले, हेच त्यांचे हिंदी चित्रपटाला योगदान होय.