एस्थाचे मौन

अरुंधती रॉय यांच्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' या कादंबरीला १९९७ साली बुकर पारितोषिक मिळाले. केरळमधील एका सीरियन ख्रिस्ती घराण्याची ही कहाणी. तिची भाषा आणि जातिभेदावरील तिचा प्रहार यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. आम्ही येथे तिच्यातील एकाच धाग्याचा विचार करणार आहोत. तो धागा म्हणजे एस्था या सात वर्षांच्या मुलावर झालेला लैंगिक अत्याचार आणि त्यानंतरचे त्याचे मौन.

काळ १९६९ चा. कुटुंबातील मंडळी कोचीला सिनेमा पाहावयास गेली आहेत. खेळ चालू असताना गाऊ लागलेला एस्था एकटाच बाहेरच्या दालनात येतो आणि तेथील शीतपेये विकणारा माणूस फुकट पेयाच्या आमिषाने त्याच्या हातून नको ते कृत्य करवून घेतो. रॉय यांनी हा प्रसंग संयमाने लिहिला आहे. परंतु आम्हांला अधिक भेदक वाटतो तो त्यापुढचा क्षण. मुलाला मळमळू लागते, सगळे बाहेर पडतात, आणि आई अम्मू त्या विक्रेत्याच्या गोड वागण्याची वाखाणणी करते! अम्मू दुष्ट नाही. मुलांवर तिचा जीव आहे. तरीही जे घडले ते सांगण्याची वाट तिच्या त्या एका वाक्याने बुजून जाते. जुळी बहीण राहेल हिला मात्र काहीतरी बिनसल्याचे न सांगताच उमगते. आणि तिलाच बोलणी खावी लागतात.

असह्य प्रसंगी मन शरीराशी फारकत घेते, याचा शास्त्रीय विचार फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी १८८९ च्या आपल्या प्रबंधात केला होता. इंग्रजीत यास डिसोसिएशन म्हणतात. पळून जाता येत नाही तेव्हा मूल आतल्या आत दूर निघून जाते. शरीर तेथेच राहते. त्या वेळी हा बचाव असतो. संकट टळल्यावरही तो सुटत नाही, ही त्याची शोकांतिका. एस्थाचे बोलणे एका दिवसात थांबत नाही. ते हळूहळू आटत जाते, इतके हळू की ते कधी थांबले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो मुकाट्याने घरकाम करू लागतो. असा मुलगा आपल्या घरांत असता तर 'किती शहाणा, किती शांत!' म्हणून आपण त्याचे कौतुकच केले असते, नाही का?

या मौनाला आणखी एक कारण आहे. बेबी कोचम्मा (ही तरुणपणी रोमन कॅथलिक झालेली, काही काळ मठात राहिलेली) एस्थाला आईच्या तुरुंगवासाची भीती घालून पोलीस ठाण्यात खोटा होकार द्यावयास लावते. निरपराध वेलुथाचा बळी जातो आणि मुलाची रवानगी कलकत्त्याला, बापाकडे होते. ज्याला सत्य कोणी विचारले नाही, त्याच्या तोंडून घराण्याची अब्रू राखण्यासाठी असत्य वदविले गेले.

कादंबरी काळात सतत मागेपुढे होते, म्हणून काही वाचक तिच्यावर रुष्ट आहेत. आम्हांला ही रचना अपरिहार्य वाटते. मनोघाताची आठवण सरळ रेषेत येत नाही. ती वासातून, चवीतून, हाताला जाणवणाऱ्या चिकटपणातून अवचित उसळते. पुढे काय होणार हे रॉय आरंभीच सांगून टाकतात, आणि तरीही आपण त्या घटनेकडे भीत भीत सरकत राहतो.

आमचा आक्षेप निराळा आहे. एस्थाचे मौन लेखिकेने इतके सुंदर केले आहे की ते जणू दैवानेच लिहून ठेवले होते असे वाटावे. ते तसे नसते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे मांडले: प्रथम सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा जोडले जाणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. सुरक्षितता नसताना आठवणी उकरून काढणे म्हणजे जखमेवर पुन्हा घाव घालणे होय. आणि आपल्यासारख्या श्रद्धावंत कुटुंबांना तर 'क्षमा कर, विसरून जा' असे सांगण्याची फारच घाई असते. हर्मन क्षमेच्या अशा आडवाटेविषयी सावध करतात. अपराध्याने कबुली, पश्चात्ताप आणि भरपाई यांतून क्षमा मिळवावयाची असते, असे त्यांचे म्हणणे. प्रायश्चित्त संस्काराची शिकवण घेतलेल्या आपणांस ते परके वाटण्याचे कारण नाही. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील असा गुन्हा ठाऊक असूनही न कळविणे, हाही गुन्हा आहे.

१९९३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, एस्था आयेमेनेमला परततो. राहेलही येते. त्यांच्यातील अखेरचा प्रसंग अनेकांना खटकला, आम्हांलाही तो अस्वस्थ करतो. त्यात सुटका नाही, केवळ शोक आहे. परंतु त्याआधीची राहेल आम्हांला फार मोलाची वाटते. ती भावाजवळ बसते, आणि बोल म्हणून त्याच्यामागे लागत नाही.