पाचवा दिवा

बॅटरीवाल्याच्या दुकानात अजूनही जुना चार्जर दिसतो. पत्र्याचा खोका, आत घूं घूं करणारा ट्रान्सफॉर्मर, समोर अँपिअरचा काटा नि एक गोल नॉब. संध्याकाळी बॅटऱ्या रांगेनं लावायच्या, सकाळी उतरवायच्या. कोणती कधी भरली हे खोक्याला कळत नाही. दुकानदार हायड्रोमीटरनं अ‍ॅसिड ओढून बघतो आणि ठरवतो. माणूस जाणता असेल तर बॅटरी सुखरूप परत येते. तो विसरला तर रात्रभर उकळते, पाणी उडून जातं आणि प्लेटा झिजतात.

स्वीडनच्या सीटेक कंपनीचा एमएक्सएस ५.० हा स्मार्ट चार्जर म्हणजे त्या दुकानदाराचा जाणतेपणा. काळा, तळहाताहून थोडा लांब ठोकळा, दोन चिमटे आणि एकापाठोपाठ पेटणारे आठ दिवे. त्या आठांत एक सबंध चाल आहे आणि ती निवांत बघण्याजोगी आहे.

चिमटे लावताना ठिणगी उडत नाही, इथंच पहिली दाद द्यावीशी वाटते. समोर बॅटरी आहे, लाल-काळा उलटा नाही, एवढी खात्री पटल्याशिवाय हा करंट सोडतच नाही. पहिले दोन दिवे पूर्वतयारीचे. बराच काळ उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. ते सोडवायला हा आधी व्होल्टेजचे छोटे झटके देतो. या पहिल्या दिव्याबद्दल माझं मत जरा आखडतं आहे. कोवळं सल्फेट निघतं, पण महिनोन्‌महिने मेलेली बॅटरी यानं उठते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. सेल शॉर्ट झाला असेल तर उपायच नाही.

तिसऱ्या दिव्याला पूर्ण ५ अँपिअर वाहतात. चारचाकीची साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सहाएक तासांत ऐंशी टक्क्यांपर्यंत येते. हे काम जुना खोकाही करत असे, त्यामुळे इथं रेंगाळण्यासारखं काही नाही.

खरी गंमत चौथ्यात. व्होल्टेज १४.४ वर येऊन थांबतं आणि करंट आपोआप कमी होऊ लागतो: ५ वरून ३, मग १, मग त्याहून कमी. किती घ्यायचं हे इथून पुढं बॅटरी ठरवते, चार्जर फक्त दार उघडं धरतो. शेवटचे वीस टक्के मुरायला वेळ लागतो, कारण रासायनिक क्रिया प्लेटेच्या आतल्या भागापर्यंत पोचावी लागते. घाई करून व्होल्टेज चढवलं तर पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. म्हणूनच जुन्या चार्जरजवळ विडी ओढणाऱ्याला दुकानदार हाकलत असे.

मग पाचवा दिवा लागतो. चार्जर करंट बंद करतो आणि तीन मिनिटं नुसतं व्होल्टेज बघत बसतो. सायकल शिकवणाऱ्यानं मागचा कॅरिअर सोडून पाहावा, तसं. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली घसरली तर लाल खूण दाखवतो: भरली खरी, पण धरून ठेवत नाही. भरण्याचं यंत्र स्वतःच्या कामावर शंका घेतं, आणि त्या शंकेसाठी हातातलं काम थांबवतं. मला तर या आठांतला हाच दिवा सर्वांत आवडतो.

सहावा दिवा सांगितल्याशिवाय लागत नाही. खोल उतरलेल्या बॅटरीत जड अ‍ॅसिड तळाशी बसतं; १५.८ व्होल्टला मुद्दाम बुडबुडे काढून ते ढवळायचं. बंद गॅरेजात हा प्रयोग नको. पॅनेलवर हिमकणाचं चित्रही आहे, १४.७ व्होल्टचं, स्वीडनच्या थंडीसाठी. आपल्याकडे ते नागपूरच्या उन्हाळ्यात हास्यास्पद दिसेल. पण काही एजीएम प्रकारच्या बॅटऱ्यांनाही हेच व्होल्टेज लागतं, म्हणून बॅटरीवरचं लेबल वाचून मगच बटण दाबावं.

शेवटचे दोन दिवे सांभाळण्याचे. दहा दिवस १३.६ व्होल्टवर धरायचं, नंतर सोडून द्यायचं आणि बॅटरी जराशी उतरली की पुन्हा थोडं पाजायचं. हे कशासाठी? कुलूप लावलेली गाडीसुद्धा पीत असते. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून २० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला १४ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५च्या बॅटरीतले चाळीस टक्के. २०२०च्या लॉकडाउननंतर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये चावी फिरवली की नुसती टक-टक ऐकू येत होती, ती यामुळेच. स्कूटरची ५ अँपिअर-तासांची बॅटरी तर आणखी लवकर बसते. तिच्यासाठी याच चार्जरवर ०.८ अँपिअरची वेगळी सोय आहे, मोटारसायकलच्या चित्राची.

ज्यांची गाडी रोज तासभर रस्त्यावर असते त्यांनी यावर पैसे घालू नयेत, त्यांचा अल्टरनेटर पुरेसा आहे. हा आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीसाठी, परदेशी मुलाकडे चार महिने जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी. अडचण एकच आणि ती चार्जरची नाही: बहुतेक सोसायट्यांत गाडीच्या जागेजवळ प्लग पॉइंट नसतो. तिथं सेक्रेटरीला अर्ज द्यावा लागतो आणि वीजबिल कोणाच्या मीटरवर, यावर पुढची मीटिंग जाते.