किण्वाचे संकेत आणि मराठी परिभाषा

तासगावच्या मळ्यात द्राक्षाचा मणी फुटून रस उघडा पडला की तो आंबू लागतो. ‘आंबणे’ हे क्रियापद अकर्मक असल्याने आंबविणारा कोणी तेथे सूचित होत नाही. तो अदृश्य कर्ता किण्व होय. परंतु त्याच्या अंतर्व्यवहाराचे वर्णन मराठीत करू लागताच कर्त्यांची गर्दी होते: जनुक ‘हुकूम’ देते, प्रथिन ‘संदेश’ पोचविते, पेशी तो ‘समजून घेते’. या भाषेची परीक्षा होणे अगत्याचे आहे.

किण्वपेशींचे ‘ए’ व ‘आल्फा’ असे दोन संयोगप्रकार आहेत. आल्फा पेशी १३ ॲमिनो आम्लांचा एक रेणू बाहेर सोडते. तो ‘ए’ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकास जुळला की आतील प्रथिने क्रमाने कार्यप्रवण होतात, विभाजन थांबते व पेशी संयोगास सिद्ध होते. त्याच वेळी एसएसटी-२ या जनुकाचे कार्य वाढते आणि त्यापासून बनणारे प्रथिन हीच साखळी मंदावते. येथे नियामकच नियमित आहे. ‘हुकूम’ हा शब्द म्हणून अयथार्थ ठरतो.

याहून गंभीर अडचण लिपीची आहे. रोमन लिपीत या जनुकाचे नाव मोठ्या अक्षरांत, त्याचे अप्रभावी उत्परिवर्तित रूप लहान अक्षरांत, तर प्रथिनाचे केवळ आद्याक्षर मोठे लिहितात. देवनागरीत हा भेद लोपतो. ‘एसएसटी-२ वाढले’ या वाक्यात जनुकाच्या प्रती वाढल्या की प्रथिनाचे प्रमाण, हे कळत नाही. दोन्ही नामे नपुंसकलिंगी असल्याने क्रियापदही साहाय्यास येत नाही. तेव्हा प्रत्येक नावापुढे ‘जनुक’, ‘प्रथिन’ अथवा ‘उत्परिवर्तित जनुक’ हे पद लिहिणे अनिवार्य मानावे.

‘संदेश’ या शब्दात धाडणाऱ्याचा हेतू गृहीत असतो. ‘संकेत’ या शब्दात शब्द व अर्थ यांचा रूढ झालेला संबंध अभिप्रेत असतो. रेणू आणि त्याचा परिणाम यांचा संबंधही केवळ रासायनिक अपरिहार्यतेने नव्हे, तर उत्क्रांतीने रूढ झालेला आहे. झाक मोनो यांनी १९७० मध्ये हाच मुद्दा मांडला होता. शिवाय संयोगाच्या साखळीतील स्टी-११ व स्टी-७ ही प्रथिने उपासमारीतील तंतुरूप वाढीतही भाग घेतात. भर्तृहरीने शब्दार्थाच्या निश्चितीत प्रकरणाला दिलेले स्थान येथे सहज आठवते. सबब ‘संकेत’ हाच शब्द ग्राह्य होय.

तासगावच्या विद्यार्थ्याला इंग्रजीत अचूक यंत्रणा कळावी आणि मातृभाषेत संदिग्ध, असे घडल्यास तो दोष मराठीच्या सामर्थ्याचा नसून परिभाषाकारांच्या अनवधानाचा मानावा लागेल.