घोडीची जागा

आपल्याकडे गवयांवर उदंड लिहिले जाते. घराणी, गायकी, बंदिशी, मैफली यांवर रसिकांनी रकानेच्या रकाने भरले. पण ज्या तंबोऱ्याच्या आधाराने हे सारे उभे राहते त्याची जवारी कोणी लावली, हा प्रश्न टीकाकाराला सहसा सुचत नाही. वाद्य कारागिराचे आणि सूर कलावंताचा, अशी आम्ही मनाशी वाटणी करून ठेवली आहे. ही वाटणी खोटी आहे, असे माझे मत आहे. हे मत मला कोणा पंडिताने दिलेले नाही. ते एका स्वस्त, पोकळ अंगाच्या विजेच्या गिटारीने दिले.

नारायणगड हे काही गिटारीचे ठिकाण नव्हे. बीड जिल्ह्यातील भाविक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. तेथे टाळ, पखवाज आणि वीणा यांचे राज्य. त्या गडाच्या परिसरात ही वापरलेली गिटार मी आणली, तेव्हा ती वाजण्यापेक्षा कुरकुरतच अधिक होती. मोकळ्या तारा सुरात, पण बाराव्या पडद्यावर बोट ठेवले की सूर चढलेला. विकणाऱ्याला कळवले, तर उत्तर आले, ‘‘या पैशांत एवढेच मिळते.’’ मीही ते खरे मानले. स्वस्त म्हणजे बेसूर, हा समज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की आपण वाद्याची चौकशीच करीत नाही, त्याला दोषी ठरवून मोकळे होतो.

शेजारचे बुवा सप्ताहात वीणा घेऊन उभे राहतात. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, एफच्या आकाराच्या भोकांतून आत डोकावले आणि विचारले, ‘‘गुरुजी, ही घोडी चिकटवलेली न्हाई का?’’

‘‘नाही बुवा. तारांच्या दाबाने उभी आहे.’’

‘‘मग ती सरकलीया. वाद्याला कशाला नावं ठेवता?’’

घोडी खरोखरच सरकलेली होती. बहुधा कोणी साऱ्या तारा एकदम काढल्या असाव्यात. अशा गिटारीत एकेक तार बदलावी लागते, नाही तर घोडीची जागा हरवते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तीच तार तेथे दाबून निघणारा सूर हे दोन्ही एक झाले पाहिजेत. दाबलेला सूर चढत असेल तर घोडी मागे न्यायची, म्हणजे तारेची लांबी वाढते. उतरत असेल तर पुढे. आम्ही ती केसाकेसाने सरकवीत दुपार घालवली. पाच तारा जुळल्या. तिसरी मात्र हट्ट सोडीना. कारण असे की घोडीवरच्या खाचा गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेसाठी कापलेल्या होत्या आणि तेथे आधीच्या मालकाने साधी, नितळ तार चढवली होती. नितळ तारेला अधिक लांबी लागते. ती न मिळाल्याने ती चढतच राही. दोष लाकडाचा नव्हता, किमतीचाही नव्हता.

येथे एका मोठ्या गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. माझ्या गिटारीची तबली प्लायवुडची आहे, म्हणून जाणकार तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. त्यांना आठवण द्यावीशी वाटते की गिब्सन कंपनीने 1949 साली काढलेल्या ई एस 175 या नमुन्याची तबलीही एकावर एक पातळ थर चिकटवूनच केलेली होती, आणि जॅझच्या कितीतरी वादकांनी तीच हाती धरली. कोरीव लाकडाची तबली अधिक बोलते हे कबूल. पण विजेच्या वाद्यात फार बोलणारी तबली हे संकटही असते. कर्ण्यातून निघालेला आवाज पोकळ अंगाला हलवतो, ते अंग तारेला हलवते, तार पुन्हा कर्ण्याला आवाज पुरवते, आणि मग जी आरोळी उठते ती ऐकणाऱ्याने एकदाच ऐकावी. 1936 च्या ई एस 150 पासून हा रोग पोकळ गिटारीच्या मागे लागलेला आहे. 1958 साली ई एस 335 मध्ये मधोमध भरीव ठोकळा घालून त्यावर उतारा शोधला गेला.

मला तो रोग एका सप्ताहातल्या भजनाच्या वेळी भोवला. मांडवात चारी बाजूंनी कर्णे. गिटार जोडताच ती हंबरली. संयोजकांनी भोकांत चिंध्या कोंबायला सांगितल्या. मी कोंबल्या. आरोळी थांबली, पण गिटारीचा जीवही गेला. नंतर माझ्या लक्षात आले की त्याच मांडवात वीणेच्या भोपळ्यालाही एक लहानसा माईक चिकटवला होता आणि तिचाही घुमारा तसाच चिरडला गेला होता.

टीकाकाराने बोलायचे ते इथे. अखंड सप्ताहात वीणा रात्रंदिवस कोणाच्या तरी हाती उभी असते. ती खाली ठेवायची नाही असा दंडक आहे. टाळ-पखवाजांच्या गजरात ती पाचव्या रांगेत ऐकू येत नाही, आणि ऐकू यावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तिचा सूर ज्याच्या खांद्याशी भोपळा टेकलेला आहे त्याच्यासाठी, आणि फार तर शेजारच्या टाळकऱ्यासाठी. तो सूर सगळ्या गावाला ऐकवायचा हट्ट आम्ही धरला आणि घुमारा गमावून नुसता खणखणाट मिळवला. मिरजेच्या ज्या कारागिरांच्या सतारी आणि तंबोरे यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते भोपळा निवडताना, तुणीच्या लाकडाची तबली तासताना आणि जवारीखाली सुताचा धागा सरकवताना जे ऐकतात, ते या कर्ण्यांपर्यंत पोचतच नाही. मानांकनाचा आनंद मानावा, पण असा कान ठेवून मानावा.

कोणी म्हणेल, मग विजेची गिटार तरी कशाला? आक्षेप रास्त आहे. पण वीज म्हणजे कर्कशपणा नव्हे. चार्ली ख्रिश्चन 1939 साली बेनी गुडमनच्या संचात आला, तो पोकळ गिटार विजेला जोडूनच. पितळी वाद्यांपुढे ऐकू यावे एवढाच त्याचा हेतू, त्यांना बुडवण्याचा नव्हे. मीही आता चिंध्या काढल्या आहेत. कर्ण्याकडे पाठ न करता थोडे तिरके बसतो, आवाज निम्म्यावर ठेवतो. मागच्या रांगेतून ‘‘ऐकू येईना’’ अशी हाक आली, तर येऊ देतो. बुवांनीही वीणेवरचा माईक काढायला लावला. त्यावरून मंडळींत थोडी बोलाचालीही झाली.

तिसऱ्या तारेसाठी गुंडाळलेली तार बीडला मिळाली नाही. पुण्याहून मागवली आहे.