कोडमधली सम

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षेत तीनतालाची दुगुन लिहायची असते, तेव्हा विद्यार्थी एका मात्रेच्या जागेत दोन बोल बसवतो आणि भातखंडे पद्धतीप्रमाणे त्यांच्याखाली अर्धचंद्र काढतो. आवर्तन सोळा मात्रांचेच राहते, आतली गर्दी तेवढी वाढते. संगणकावर कोड लिहून संगीत वाजवणाऱ्यांमध्ये आज लोकप्रिय असलेली ‘टायडलसायकल्स’ ही भाषा हेच करते. तिथे अर्धचंद्राऐवजी चौकोनी कंस आहे, आणि आवर्तनाला ‘सायकल’ म्हणतात. सायकलचा काळ ठरलेला असतो. तिच्यात जितके शब्द लिहाल तितके समान भाग पडतात आणि कंसातले सारे शब्द मिळून एकाच भागात मावतात. मध्यमा झालेल्या तबलजीला ही लिपी कळायला फार वेळ लागू नये.

हे साम्य वरवरचे नाही, त्यामागे इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम किपेन हा ब्रिटिश अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. ‘कायदा’ या तबल्याच्या रचनेचा विस्तार कसा होतो, कोणता पलटा चालतो, कोणता नाही, याचे नियम त्याला व्याकरणासारखे मांडायचे होते. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ लिहिला. सुरुवातीला तो ॲपलच्या छोट्या संगणकावर चाले. एकेका कळीवर एकेक बोल नेमलेला. यंत्राने नियमांनुसार नवे पलटे काढायचे, ते उस्तादांपुढे ठेवायचे, त्यांनी मान डोलवली तर ठीक, नाही तर व्याकरण दुरुस्त करायचे. संगणकाला शागीर्द करून उस्तादापुढे बसवण्याचा हा प्रकार आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गलक्यात कुणाला फारसा आठवत नाही. आठवायला हवा. कारण त्यात बरोबर-चूक ठरवणारा माणूस ठाऊक होता, त्याचे नाव होते, घराणे होते.

पुढे अॅलेक्स मॅक्लीन या इंग्लिश वादकाने हॅस्केल भाषेच्या आधाराने टायडल रचली, तेव्हा तिची छोटी लिपी त्याने बोल प्रोसेसरच्या दुसऱ्या आवृत्तीवरून बेतली. हे त्याने लेखी मान्य केले आहे. म्हणजे शेफील्डमध्ये रात्री नाचणाऱ्या पोरांच्या पायाखालच्या कोडमध्ये लखनौच्या कायद्याची हिशेबपद्धत आहे.

त्या नाचण्याला ‘अल्गोरेव्ह’ म्हणतात. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये ‘टॉपलॅप’ हा लाइव्ह कोडिंग करणाऱ्यांचा गट जमला. वादकाने आपला स्क्रीन श्रोत्यांना दाखवावा, हा त्यांचा आग्रह. २०१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये त्याला नाचाची जोड मिळाली. वादक मंचावर ओळ बदलतो, कळ दाबतो, ठेका बदलतो. चूक झाली तर तीही सगळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत दिसते. साधने फुकट आहेत. जेम्स मॅकार्टनीचे ‘सुपरकोलायडर’ १९९६ चे, सॅम आरनने शाळकरी मुलांसाठी केंब्रिजमध्ये केलेले ‘सोनिक पाय’ २०१२ चे. अलीकडचे ‘स्ट्रूडल’ तर टायडलचेच ब्राउझरमध्ये चालणारे रूप आहे. काही इन्स्टॉल करायला नको, पान उघडले की सुरू.

भारतात ‘अल्गोरेव्ह इंडिया’ या नावाने मुंबई-बेंगळुरूकडचे कलाकार कार्यक्रम करतात. दृश्यांची, पडद्यावरच्या रंगांची त्यांची बाजू भक्कम असते. ध्वनीबद्दल मात्र तक्रार करायला जागा आहे. या प्रकारात बराच काळ चारांचा ठोका आणि खालचा जड बेस एवढेच ऐकू येते. असा ठोका बर्लिनमध्येही मिळतो. शिवाय मुंबईत तो आधीच वाजून गेला आहे: १९८२ साली चरणजितसिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा ती तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशी समीक्षक चकित झाले. त्यात कोड नव्हता, पण रागाची चौकट यंत्राला नेमून देण्याचा विचार होता.

तबल्यावरून घेतलेली लिपी तबल्याकडे परत आलेली नाही, हा या कलेचा खरा दोष आहे. टायडलसोबत मिळणाऱ्या नमुनाध्वनींच्या संग्रहात तबल्याचे आवाज आहेत, पण ते क्रमांकाने हाकायचे: तबला तीन, तबला सात. धा, तिं, ना, कत् या नावांनी नाही. ज्या परंपरेत बोल तोंडाने म्हणता आला तरच हाताला येतो, तिच्यापासून निघालेल्या साधनात बोलच गायब. पखवाज, संबळ, हलगी, दिमडी यांना तर त्या संग्रहात जागाच नाही.

दुसरी अडचण समेची. टायडलमध्ये ‘(३,७)’ असे लिहिले की सात भागांत तीन ठोके शक्य तितके सारखे पसरतात: दोन, दोन, तीन. त्यालाच चार घरे सरकवले की तीन, दोन, दोन होते, म्हणजे रूपकाचे खंड. गणिताला हे सोपे. पण रूपकाची सम ‘खाली’च्या मात्रेवर असते आणि त्यामुळे तो ताल जसा तरंगतो, ते या आकड्यांत नाही. तिहाईचेही तसेच. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोनदा एकेक मात्रेचा दम: एकूण सतरा, म्हणजे तीनतालात समेवरून उठून पुढच्या समेवर. हा हिशेब दोन ओळींत लिहिता येतो. मात्र तिहाई आवर्तनाची वेस ओलांडून जाते आणि टायडलचा सारा विचार वेशीच्या आत चालतो. ठेका धरणे तिला जमते, समेची वाट पाहायला लावणे वादकाला स्वतः बेतावे लागते. मींड आणि गमक हा तर वेगळाच प्रांत. सुटे ठोके मोजणारी लिपी सलग स्वराला हात घालायला कचरते. ते काम मुंबईत एनसीपीएमध्ये विम व्हान डर मेर आणि सुवर्णलता राव यांनी स्वररेषा काढून केले, आयआयटी मुंबईत प्रीती राव यांच्या गटाने रागसंगीताचे विश्लेषण केले. पण ही सारी संशोधनाची बाजू, मंचावर तिची सावली पडलेली नाही.

बोल प्रोसेसर लिहिणाऱ्या बेल यांचा महाराष्ट्राशी वेगळाही संबंध आहे. पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम उभे केले. १९९० च्या दशकात बेल त्यात आले आणि ओव्यांचा व ध्वनिमुद्रणांचा संगणकीय साठा त्यांनी रचला. एक लाखाहून अधिक ओव्या, शंभर तासांहून अधिक ध्वनी. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यातच आहेत. पुढे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने हे काम चालू ठेवले. कोडवाल्याला हा साठा कच्चा माल वाटण्याची भीती आहे. बाईचा आवाज अर्ध्या सेकंदाचा कापून ठोक्यावर बसवणे तांत्रिकदृष्ट्या क्षणाचे काम आहे, आणि तेवढ्यात ओवीतले सांगणे उडून जाते. जात्याची लय उचलावी. आवाजाला हात लावण्याआधी गाणारीला किंवा तिच्या घरच्यांना विचारावे.

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरहून पाहिले तर या कलेचा नकाशा थोडा निराळा दिसतो. हे गाव औंढा नागनाथ तालुक्यातले, आणि याच तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोने सप्टेंबर २०१५ मध्ये टिपलेली पहिली गुरुत्वीय लहर सुमारे ३५ हर्ट्‌झवरून २५० हर्ट्‌झपर्यंत चढत गेली, ०.२ सेकंदांत. ती माणसाच्या कानाच्या टापूतली असल्याने ध्वनिवर्धकावर जवळजवळ जशीच्या तशी ऐकवता येते. विदा खुली आहे, पायथनच्या थोड्या ओळींत काम होते. जगभर त्या आवाजावर रचना झाल्या, बहुतेक गूढ घुमारा घालून. विश्वाचे रहस्य म्हटले की घुमारा हवाच, असा संगीतकारांचा समज दिसतो.

त्यापेक्षा जिल्ह्यातल्या भजनी मंडळांकडचे काम अवघड आहे आणि कुणी हाती घेतले तर उपयोगाचे. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात. पखवाजाचा एकेक बोल वेगळा मुद्रित करायचा, फाइलला बोलाचेच नाव द्यायचे आणि खुल्या परवान्याने ठेवायचा. स्ट्रूडल बाहेरचे नमुने नावाने उचलते. मग आठ मात्रांचा भजनी ठेका क्रमांकांऐवजी बोलांनीच लिहिता येईल आणि कोडने काढलेले पलटे पखवाजी बुवांपुढे ठेवता येतील, आफाक हुसेन खाँपुढे ठेवले होते तसे. एक व्यावहारिक खोच उरते. गावात पोरांच्या हातात लॅपटॉपपेक्षा मोबाइल आधी येतो. स्ट्रूडल त्यावर उघडते, पण चौकोनी कंसासाठी कीबोर्डाचे दुसरे-तिसरे पान उलटावे लागते आणि तेवढ्यात दोन आवर्तने निघून जातात.