मुक्काम आणि बिऱ्हाड : लिस्बनच्या निमित्ताने मराठी प्रवासगद्याचा एक विचार

परदेशासंबंधी मराठीत जे गद्य लिहिले गेले, त्याला आपण सरसकट ‘प्रवासवर्णन’ हे एकच नाव देत आलो आहो. या एका नावाखाली दोन भिन्न वृत्तींचे लेखन एकत्र आले आहे व त्यामुळे दोहोंचेही मूल्यमापन नीट होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एक लेखन मुक्कामाचे, दुसरे बिऱ्हाडाचे. मुक्काम करणारास परतीची तारीख ठाऊक असते. बिऱ्हाड करणारास घरभाड्याची. दोघेही एकाच शहराविषयी लिहू शकतात, परंतु ते शहर दोघांना एकच दिसत नाही.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावात हा भेद कोणास समजावून सांगावा लागत नाही. जत्रेला आलेला पाहुणा आणि बदलीवर आलेला मास्तर यांच्याकडे गाव निरनिराळ्या दृष्टीने पाहते. पाहुण्याला गाव दाखवितात. मास्तराला ते हळूहळू कळत जाते. पिण्याचे पाणी कोठून आणावे, उधारी कोणाकडे चालते, वैशाखात कोणती खोली तापते, कोणाच्या ओसरीवर बसावे आणि कोणाच्या बसू नये, हे ज्ञान पाहुण्याला मिळत नाही व त्याला त्याची गरजही नसते. हीच साधी कसोटी दक्षिण युरोपातील एका शहरासंबंधीच्या लेखनास लावून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ते शहर म्हणजे लिस्बन.

लिस्बन निवडण्यास कारण आहे. दक्षिण युरोपातील अन्य कोणत्याही शहराशी मराठी मुलखाचा इतका दीर्घ व इतका निकटचा संबंध आलेला नाही. १५१० पासून १९६१ पर्यंत गोमंतकाचा कारभार अखेरीस ज्या नगरीच्या आज्ञेने चालला, ती ही नगरी. या संबंधाची खूण मराठी भाषेने आजही जपली आहे. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, लिलाव, नाताळ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. समुद्र न पाहिलेला आसेगावचा माणूसही दिवसातून अनेकदा हे शब्द वापरतो. या यादीत आणखी एक शब्द आहे : तुरुंग. तो पोर्तुगीज ‘त्रोंकु’ या शब्दापासून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. पगार, चावी आणि तुरुंग या तीन शब्दांकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

प्रथम मराठी ग्रंथांकडे पाहू. या प्रकारातील काही ग्रंथांची नावेच त्यांची वृत्ती सांगतात. पंडिता रमाबाईंचा ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. त्यात लोकस्थिती आधी आहे, प्रवासवृत्त नंतर. हा क्रम आकस्मिक मानण्याचे कारण नाही. रमाबाई त्या देशात राहिल्या, तेथील स्त्रियांच्या संस्था, शाळा, घरे व चालीरीती यांचा त्यांनी अभ्यास केला, आणि वाचकास त्यातून काही घेता यावे अशा बुद्धीने लिहिले. याउलट पु. ल. देशपांडे यांच्या १९६० सालच्या पुस्तकाचे नाव ‘अपूर्वाई’. या पुस्तकाने मराठी वाचकाला युरोपची गोडी लावली, हे त्याचे यश निर्विवाद आहे. तथापि अपूर्वाई ही पहिल्या भेटीची भावना होय. दुसऱ्या महिन्यात ती ओसरते, आणि ती जेथे ओसरते तेथूनच वास्तव्यास प्रारंभ होतो. पु. लं.च्या पुस्तकाचा हा दोष नव्हे, ती त्याने स्वतःच आखून घेतलेली मर्यादा आहे. दोष असलाच तर तो पुढील अनुकरणकर्त्यांचा, ज्यांनी ही मर्यादा म्हणजेच या वाङ्मयप्रकाराची व्याख्या होय असे मानले.

दक्षिण युरोपविषयी मराठीत विस्ताराने लिहिणाऱ्यांत दिवंगत मीना प्रभु यांचे नाव अग्रभागी येते. ‘रोमराज्य’ आणि ‘ग्रीकांजली’ हे त्यांचे ग्रंथ मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. त्या दीर्घकाळ लंडनच्या रहिवासी होत्या, आणि त्या शहरावरील पुस्तकाला त्यांनी ‘माझं लंडन’ असे नाव दिले. रोम वा ग्रीस यांच्या वाट्याला ‘माझं’ हा शब्द आला नाही. जेथे बिऱ्हाड होते तेथे ममत्वाचे सर्वनाम आले. जेथे मुक्काम होता तेथे कौतुकाचे सामासिक नाव आले. लेखिकेने आपल्या भूमिकेशी राखलेला हा प्रामाणिकपणा आहे. मात्र त्यामुळे दक्षिण युरोपचे ‘माझं’ शहर मराठीत लिहावयाचे राहिले, हेही खरे.

लिस्बनच्या बाबतीत ही उणीव अधिक खोल आहे. १९५५ पासून १९७४ पर्यंत भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटलेले होते. मराठी प्रवासगद्याच्या भरभराटीच्या या काळात मराठी प्रवाशाला लिस्बनची वाट जवळजवळ बंदच होती. मराठी माणूस तेथे गेला तो अन्य मार्गाने. सांगलीत जन्मलेले मोहन रानडे यांना बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्याच्या वेळी १९५५ साली पकडण्यात आले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे पोर्तुगालला नेण्यात आले. गोमंतक १९६१ साली मुक्त झाला, तरी त्यांची सुटका १९६९ साली झाली. त्यापूर्वी १९४६ च्या चळवळीतील त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आदी नेत्यांनाही पोर्तुगालला पाठविण्यात आले होते. रानड्यांचे ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन मराठीत आहे. त्यात लिस्बन शहर शोधणे हा त्या पुस्तकावर अन्याय होईल. बंदिवानाला शहर नसते, भिंत असते. परंतु वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. लिस्बनच्या परिसरात वर्षानुवर्षे काढलेल्या मराठी माणसाचे आपल्याजवळचे ठळक कथन हे तुरुंगाचे आहे. पोर्तुगीजांकडून आलेल्या तीन शब्दांपैकी तुरुंगाला मराठी गद्यात स्थान मिळाले. पगार आणि चावी यांना मिळाले नाही.

आता कोणी म्हणेल की, गोमंतकातून लिस्बनला जाऊन राहिलेले लोक तर पुष्कळ होते, त्यांनी काय लिहिले? हा आक्षेप रास्त आहे. या मंडळींची लेखनभाषा प्रायः पोर्तुगीज होती. तथापि शेजारधर्माने त्यांचे वाङ्मय आपल्या विचारात आले पाहिजे. फ्रांसिश्कु लुईश गोमिश हे गोमंतकाचे प्रतिनिधी म्हणून १८६१ पासून लिस्बनच्या संसदेत बसले. त्यांची ‘ऊश ब्रामानिश’ ही कादंबरी १८६६ साली त्याच शहरात प्रसिद्ध झाली. पण तिची कथा घडते अयोध्या प्रांतातील फैजाबादेत. ओर्लांदु द कोश्ता यांचे बालपण मडगावात गेले. तरुणपणी ते लिस्बनला शिकावयास गेले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांची १९६१ सालची ‘ऊ सिग्नु द इरा’ ही कादंबरी गोमंतकातील कुणब्यांची आहे. विमला देवी या नावाने लिहिणाऱ्या लेखिका लिस्बनला गेल्या. त्यांच्या १९६३ सालच्या ‘मोन्सांव’ या संग्रहातील कथा पुन्हा गोमंतकाच्याच. तीन लेखक, तिघांचे बिऱ्हाड लिस्बनमध्ये, आणि तिघांचीही दृष्टी मागे.

यावरून एक अनुमान काढता येते. जो शहर पाहावयास जातो, तो तेथे राहत नाही. आणि जो राहतो, तो लिहावयास बसला की घराकडे पाहतो. पहिल्याला शहराची नवलाई लिहिण्यास प्रवृत्त करते, दुसऱ्याला घराचा विरह. या दोहोंच्या मध्ये जे रोजचे आयुष्य असते, ते लिहिण्यास कोणतीच प्रबळ भावना पुढे येत नाही. म्हणून ते अलिखित राहते.

अलिखित राहते, परंतु नाहीसे होत नाही. आबे फारिया यांची आख्यायिका येथे आठवावी. कांदोळीचा हा मुलगा १७७१ साली वडिलांबरोबर लिस्बनला गेला. पुढे राणीच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन देण्यास उभा राहिला असता तो गोंधळला. तेव्हा वडिलांनी कोंकणीत हळूच सांगितले की, ही सारी भाजीच आहे, काप ही भाजी. कथा खरी असो वा रचलेली, लोकस्मृतीने ती जपली याला अर्थ आहे. राजदरबारात माणसाला उभे केले ते स्वयंपाकघरातील शब्दांनी. ओर्लांदु द कोश्ता यांचे चिरंजीव आंतोनियु कोश्ता हे २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान होते. घरातले त्यांचे लाडके नाव ‘बाबुश’. बिऱ्हाडाचा इतिहास अशा एखाद्या हाकेत शिल्लक असतो. तो वाचून काढणारे गद्य मात्र हवे.

असे गद्य कशाविषयी असेल? लिस्बनपुरते बोलावयाचे तर, ते प्रथम हिवाळ्याविषयी असेल. प्रवासी उन्हाळ्यात येतो आणि निळे आकाश लिहून जातो. रहिवाशाला कळते की, तेथील पुष्कळ जुन्या घरांत उष्णतेची सोय नसते, पावसाळी थंडीत भिंतींना ओल येते, आणि बाहेरच्यापेक्षा घरातच अधिक गारठा वाटतो. फरसबंदीचे गुळगुळीत दगड छायाचित्रात शोभतात; पावसात बाजाराची पिशवी घेऊन त्या चढावरून जाणारास ते निराळे दिसतात. करक्रमांक मिळविल्यावाचून बँकेचे खाते उघडत नाही आणि रीतसर भाडेपट्टाही होत नाही, हे त्या देशातील जीवनाचे पहिले प्रकरण आहे. कॉफीच्या दुकानात उभ्याने ‘बीका’ घेताना शेजारच्या काचेत ‘शामुसा’ दिसतो. तो आपला सामोसाच. गोव्याहून आणि १९७५ साली स्वतंत्र झालेल्या मोझांबिकमधून आलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांबरोबर तो त्या शहरात रुजला. एका खाद्यपदार्थात दोन स्थलांतरांचा इतिहास सामावला आहे. हा विषय क्षुल्लक म्हणता येईल काय?

दैनंदिन व्यवहार हा वाङ्मयाचा विषय होऊ शकत नाही, असे म्हणणारास मराठीतच उत्तर आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. राजनांदगाव, नगर, राहुरी, सातारा असा तो संसार सतत हलत राहिला. तो ग्रंथ एका अर्थाने बिऱ्हाडांचा इतिहास आहे. चूल, उसनवारी, शेजार आणि रुसवेफुगवे यांतूनच धर्मांतरासारखा मोठा प्रश्न तेथे उलगडतो. ज्या भाषेने हे गद्य घडविले, तिला लिस्बनमधील खोलीचे वर्णन करण्यास शब्द नाहीत, असे कोण म्हणेल? उणीव भाषेची नाही, अपेक्षेची आहे. परदेशाविषयीच्या लेखनाकडून आपण चर्च, पुतळे आणि संग्रहालये मागतो, म्हणून लेखकही तीच देतात.

या उणिवेची किंमत वाचक देतो. आज विदर्भातील गावांतूनही मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जातात. गोमंतकात तर १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या वंशजांना ठरावीक पिढीपर्यंत पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, आणि ते घेऊन पुष्कळांनी इंग्लंडमध्ये संसार मांडले. या लोकांना आणि त्यांच्या मागे राहिलेल्या आईबापांना मराठी गद्याने युरोपचे शिल्प दाखविले, पण भाड्याच्या खोलीतला रविवार दाखविला नाही. आसेगावच्या आईला मुलाच्या शहरातील सात टेकड्यांची नावे नको असतात. तो जेवला की नाही आणि त्याच्या खोलीला ऊन येते की नाही, हे तिला हवे असते.

शेवटी एका विपरीत घटनेची नोंद करणे आवश्यक आहे. अलीकडच्या वर्षांत लिस्बनच्या आल्फामा, मोरारिया यांसारख्या जुन्या वस्त्यांत प्रवाशांना थोड्या दिवसांसाठी खोल्या देण्याचा व्यवसाय फार वाढला. त्याने घरभाडी चढण्यास हातभार लावला, आणि पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना घरे सोडावी लागली. तेथे मुक्कामाने बिऱ्हाडास प्रत्यक्षच हुसकावले आहे. आपल्या वाङ्मयात ते पूर्वीच घडले होते. रमाबाईंनी १८८९ साली लोकस्थितीला जे पहिले स्थान दिले होते, ते तिला परत मिळावयास हवे. त्यासाठी अभ्यासकांनी प्रथम ‘प्रवासवर्णन’ या नावाचा मोह सोडून राहणाऱ्यांची पत्रे, रोजनिशा आणि हिशेबाच्या वह्या वाचण्यास आरंभ करावा.